टायगरच्या आजारपणात तुमच्या पोटाचे काय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

टायगरच्या रक्ताचा रिपोर्ट वाचला. गोचीडताप, प्लेटलेट खाली, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या. हा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो, आणि कुत्रा दोन-तीन दिवसांत शेपूट हलवू लागला तरी तो मध्येच सोडायचा नसतो. त्याची पेज शिजेल, बिनमिठाची कोंबडी उकडेल, सगळे घड्याळ लावून होईल, याची मला काळजी नाही. काळजी तुम्हा दोघांच्या जेवणाची आहे. घरात कोणी आजारी पडले की आई चहावर दिवस काढते आणि बाबा पोदेराच्या, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याच्या, पावावर. आईला तो पाव चालत नाही, आणि दूध-अंडे तर दोघांनाही बंद. म्हणून या पत्रात औषधांपेक्षा तव्याबद्दलच जास्त आहे.

आम्हीही पेज खाऊ, असे म्हणाल. पेज आजाऱ्याची. रात्री उठून कुत्र्याला अंगणात नेणाऱ्याच्या पोटात ती दोन तास टिकत नाही. सुरनोळी, म्हणजे आंबवलेल्या तांदळाची जाळीदार पोळी, चांगली, तिच्यात गहू नाहीच, ताकाच्या जागी नारळाचा रस घातला की दूधही नाही; पण तांदूळ भिजवा, वाटा, रात्रभर आंबवा, एवढी सवड आता कुठली? आले-बेले, म्हणजे नारळ-गूळ भरलेली पॅनकेकची गुंडाळी, मऊ आणि गोड, पण मैदा आणि अंडे आलेच. तेव्हा तांदूळ-नाचणीचे जाडसर पॅनकेक करा आणि वर आले-बेलेतले चून, म्हणजे नारळ-गुळाचे सारण, घाला. तांदळाचे पीठ आधी करून ठेवलेले असले की सगळे मिळून पाऊण तास लागतो, त्यातली वीस मिनिटे पीठ नुसते मुरत असते. एका हाताने खाता येतात आणि गार झाले तरी घशाखाली उतरतात.

दोघांसाठी 90 ग्रॅम तांदळाचे पीठ (आपली 150 मिलिची वाटी सपाट भरून), 40 ग्रॅम नाचणीचे पीठ (चार मोठे चमचे), 20 ग्रॅम साबुदाण्याचे पीठ (दोन मोठे चमचे), एक चहाचा चमचा इसबगोल, चिमूट मीठ, एक लहान पिकलेले केळे, 200 मिलि नारळाचा रस, एक चमचा खोबरेल आणि दीड चमचा बेकिंग पावडर. यात हाताएवढे सहा-सात होतात.

तांदूळ सुरय घ्या, म्हणजे न उकडलेला. उकड्या तांदळाचे कोरडे पीठ खरखरीत राहते, ते ओले वाटूनच शोभते. आणि पीठ गिरणीतून आणू नका, हे बाबांना मुद्दाम सांगते. गिरणीत आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो आणि जात्यात अडकलेले पीठ पुढच्या दळणात उतरते. ज्याला नुसते गव्हाने पोट जड होते त्याला कदाचित ते खपेल, आईच्या सीलिअॅकला, म्हणजे गव्हाने आतडे बिघडण्याच्या आजाराला, खपत नाही, तिच्या आतड्याला तेवढेही पुरते. तांदूळ धुऊन पंख्याखाली कापडावर वाळवा, मिक्सरमध्ये दळा, बारीक चाळणीने चाळा. त्यासाठी वेगळी चाळणी ठेवा. गव्हाच्या पिठाची चाळणी कितीही धुतली तरी जाळीत पीठ राहतेच. साबुदाणा कोरडाच दोन मिनिटे गरम करून, गार झाल्यावर दळायचा. तवाही वेगळा हवा. चपातीचा बिडाचा तवा आणि लाकडी उलथणे या कामाला घेऊ नका.

इसबगोल कशाला, असे आई विचारणारच. गव्हात ग्लुटेन असते, ते चिवट जाळे होऊन बुडबुडे धरून ठेवते. तांदळात आणि नाचणीत ते जाळे नाही, वर अंडेही नाही, म्हणजे पीठ एकत्र धरणारे काहीच उरत नाही. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि ते काम करतो. बाबांच्या कपाटात आहे तो चालेल, पण साधा; संत्र्याच्या चवीचा गोड नको. एका चमच्यावर जाऊ नका, नाहीतर आतून चिकट, रबरासारखे होतात. इसबगोल नसेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घाला, आणि रस तेवढा कमी करा. जवसाने थोडे ठिसूळ होतात, चव मात्र मला जास्त आवडते. बाबा, इसबगोल पोटात इतर औषधे धरून ठेवतो, म्हणून तुमच्या गोळ्या आणि हे खाणे यात दोन तासांचे अंतर ठेवा.

रस घरीच काढा. अर्ध्या नारळाची सोय (खवलेले खोबरे), एक पेला कोमट पाणी, मिक्सरमधून फिरवून फडक्याने पिळा. पहिला आणि दुसरा रस मिसळून घ्या. नुसता पहिला दाट रस घातला तर तेल जास्त होऊन पॅनकेक जड बसतात. कंटाळा आला तर डब्यातला चालेल, तो निम्मा पाण्याने पातळ करून. नारळाच्या दुधाच्या पावडरीचे पाकीट मात्र उलटून वाचा, बऱ्याच पावडरींत कॅसिनेट, म्हणजे दुधातलेच प्रथिन असते. केळे सालदाटी किंवा वेलची, साल काळी पडू लागलेले. मयडेची मोठी केळी यात नकोत, ती शिजवून खायची.

आता क्रम. यात उलटसुलट केले की बिघडते. बेकिंग पावडर सोडून सगळी कोरडी पिठे इसबगोलासकट आधी एकत्र करा. इसबगोल थेट ओल्यात टाकला तर गुठळी होते, मग ती फुटत नाही. केळे काट्याने पूर्ण कुस्करून रसात मिसळा, तेल घाला, हे पिठात ओता, ढवळा, झाका. वीस मिनिटे हात लावू नका. तांदळाचे पीठ पाणी सावकाश पिते. लगेच तव्यावर घातले तर खाताना दाताखाली कचकच लागते. मुरल्यावर पीठ डावातून धारेने न पडता गोळ्यागोळ्याने पडले पाहिजे. फार घट्ट वाटले तर दोन चमचे पाणी. बेकिंग पावडर सगळ्यात शेवटी, तवा तापल्यावर. आधी घातली तर बुडबुडे मुरण्यातच संपतात.

या वीस मिनिटांत टायगरची गोळी उरकते. डॉक्सीसायक्लिन रिकाम्या पोटी दिली की ओकारी येते, म्हणून आधी चार घास पेज-कोंबडी, मग कोंबडीच्या गोळ्यात लपवून गोळी, मग उरलेले जेवण आणि पाणी. दूध-दह्यात किंवा नाचणीत ती लपवू नका. या औषधाला कॅल्शियम चिकटते आणि मग ते अंगी लागत नाही. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. लोहाचे टॉनिक लिहून दिले असेल तर त्याच्यासाठीही दोन-तीन तासांचे अंतर ठेवा, कारण तेही असेच आड येते.

तवा जाड असू दे. पाण्याचा थेंब टाकला की नाचत दोन-तीन सेकंदांत उडून गेला पाहिजे. मग आच मंद ते मध्यम करा आणि पूर्ण वेळ तिथेच ठेवा. तेल नारळाच्या शेंडीच्या कुंचल्याने लावा. पोळ्यांना (घावनांना) लावतो तसा अर्धा कांदा फिरवू नका, कारण खाली सांगते. एक छोटा डाव पीठ, म्हणजे चार मोठे चमचे, दहा सेंटिमीटरचे गोल. डावाने पसरवू नका, ते आपोआप पसरते. झाकण ठेवा, तीन ते चार मिनिटे. वरची चमक जाऊन पृष्ठभाग मळकट दिसू लागला, कडेला भोके उघडी राहिली, की उलटा. नंतर झाकण न ठेवता दोन मिनिटे. उतरवून जाळीवर दोन मिनिटे थांबा. तांदळाचा स्टार्च थोडा निवल्यावरच धरतो. तव्यावरून थेट तोंडात घातले तर आत कच्चे वाटते, आणि माणूस उगाच आच वाढवतो.

उलटताना मोडले तर बहुतेक वेळा घाई नडलेली असते. वेळ देऊनही मोडत असेल तर इसबगोल कमी पडला, पुढच्या वेळी चमचा शीग भरून घ्या. आतून लापशीसारखे राहिले तर केळे मोठे होते किंवा आच जास्त होती. बाहेरून काळपट आणि आत ओले हे नेहमी आचेमुळेच होते. फुगलेच नाहीत तर बेकिंग पावडर सर्दावली असेल, पावसात उघडा डबा महिन्याभरात मरतो. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर फेकून द्या. ती नसेल तर पाव चमचा खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा माडाचे व्हिनेगर. सोडा अंदाजाने जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि नाचणीचा रंग काळवंडतो. व्हिनेगर माडाचेच, माल्ट व्हिनेगर जवापासून होते आणि जवातही ग्लुटेन आहे.

गूळ पिठात घालू नका, हे आईला पटणार नाही. पण गूळ तव्यावर आतले शिजण्याआधी करपतो. गोडी वरून द्या. 50 ग्रॅम माडाचा गूळ दोन मोठे चमचे पाण्यात वितळवून गाळून घ्या, या गुळात कचरा असतोच. त्यात 100 ग्रॅम सोय, चिमूट मीठ, वेलची, मंद आचेवर पाच-सहा मिनिटे, रस आटेपर्यंत पण सोय ओलसर राहील असे. फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. पॅनकेकवर पसरून अर्धे दुमडा. आले-बेलेसारखी गुंडाळी करायला जाल तर तडकतील.

आता टायगर. वास आला की तो उठून येईल, आणि दोन दिवस उपाशी कुत्रा खातोय म्हटल्यावर बाबांचा हात पुढे जाईल. नको. नारळाचे तेल आणि गूळ आजारी पोटाला जड, त्याने जुलाब होतात आणि कधी स्वादुपिंडाला सूज येते. नाचणीचे वर सांगितलेच. चुनात जायफळ किंवा मनुका घालायची सवय असेल तर महिनाभर सोडा: जायफळ कुत्र्याला विषारी आहे आणि मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सोडा किंवा बेकिंग पावडर घातलेले कच्चे पीठ ओट्याच्या कडेला ठेवू नका. कांदा-लसूण तर या आजारात अजिबात नको. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचीडतापात त्या आधीच कमी झालेल्या असतात. म्हणूनच तव्यावर कांदा फिरवू नका म्हटले. कांद्याचा तो तुकडा जमिनीवर पडला की उचलायला आपण दुसरे असतो.

तिखट खावेसे वाटले तर केळे वगळा, रस 250 मिलि करा, किसून पिळलेली अर्धी काकडी, आले, मिरची, कोथिंबीर घाला. हिंग नको: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते.

एकदम सगळे पीठ भाजायची गरज नाही. बेकिंग पावडर न घातलेले पीठ झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहते, वरून केळ्याने काळे पडते, बिघडत नाही. हवे तेवढे काढून त्यातच पावडर घाला, दोन पॅनकेकना साधारण अर्धा चमचा. मध्येच टायगर ओकला आणि उठावे लागले तर पीठ खुशाल थांबते, तवा तेवढा बंद करा. कोरडी पिठे इसबगोलासकट चार-पाच वेळची मोजून बरणीत भरून ठेवली तर रात्री वजनकाटा काढावा लागत नाही. भाजलेले उरले तर तव्यावर पाण्याचा शिपका देऊन झाकण ठेवून एक मिनिट. मायक्रोवेव्हमध्ये चामट होतात.

टायगरच्या हिरड्या रोज सकाळी उजेडात बघा. फिकट पांढऱ्या दिसल्या, नाकातून रक्त आले, शी काळी किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, झोपेत श्वास मिनिटाला 40 च्या वर गेला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन. अंगाचे तापमान 38.3 ते 39.2 सेल्सिअस हे त्याचे नेहमीचे. ते 40 च्या वर गेले तर तेही कळवा. अंग गरम लागले म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो, आणि त्याच्या प्लेटलेट आधीच खाली आहेत. गोचिडींसाठी त्याच्या अंगावर जे लावायचे ते डॉक्टरांनी वजनावर ठरवू द्या. पडवीतल्या चिऱ्यांच्या फटी आणि त्याची गोणपाटे मात्र आजच साफ करा.

पुढच्या रक्ततपासणीचा कागद मिळाला की फोटो पाठवा, प्लेटलेटचा आकडा दिसेल असा. आणि आई, इसबगोल किती घातलास तेही लिही, कारण तुझा चमचा माझ्यापेक्षा मोठा आहे.

तुमची,
शीतल