आठवण नसलेल्या आघातावरील उपचार पालिका रुग्णालयांत मिळावेत

प्रति,
संपादक महोदय,

मानसिक आघातावरील उपचारांची चर्चा होते तेव्हा रुग्णाला काय घडले ते सांगता येईल, हे आपण गृहीत धरतो. ज्यांना सांगण्याजोगे काहीच आठवत नाही, त्यांचा विचार क्वचितच होतो. पालिकेच्या एका रुग्णालयातील बालरुग्ण विभागातून परिचारिका म्हणून मी निवृत्त झाले असून, या मंडळींविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

साधारण तीन वर्षांच्या आतले प्रसंग मोठेपणी बहुतेकांना आठवत नाहीत, कारण घटनेची सलग नोंद ठेवणारी मेंदूतील व्यवस्था त्या वयात पुरती तयार झालेली नसते; धोक्याला प्रतिसाद देणारी व्यवस्था मात्र त्याआधीच काम करू लागते. समजा, 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री दीड वर्षाचे एखादे मूल कुर्ल्याच्या चाळीतून छातीभर पाण्यातून बाहेर काढले गेले. आज विशीत असलेल्या त्या तरुणाला ती रात्र आठवणार नाही, पण पाऊस वाढू लागला की त्याचे हातपाय गार पडत असतील आणि श्वास कोंडत असेल, तर त्याला ‘उगाच घाबरतोस’ असे म्हणून गप्प करणे अन्यायाचे आहे.

आठवणीविना शरीर शिकते, हे वैद्यकशास्त्राला नवीन नाही. स्मृती गमावलेल्या एका स्त्रीशी हस्तांदोलन करताना स्विस डॉक्टर एद्वार क्लापारेद यांनी हातात टाचणी लपवली होती. पुढच्या वेळी तिला टाचणी आठवत नव्हती, तरी तिने हात पुढे करायचे नाकारले. ही नोंद त्यांनी 1911 मध्ये प्रसिद्ध केली. माझ्या कामाच्या अधिक जवळचे उदाहरण म्हणजे नवजात बाळांचे. त्यांना वेदना फारशा जाणवत नाहीत, अशा समजुतीने 1980 च्या दशकापर्यंत प्रगत देशांतही अनेक बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. भारतीय वंशाचे डॉ. कन्वलजीत आनंद यांच्या 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही समजूत खोडून काढली. पुढे 1997 मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले की, जन्मानंतर सुंता झालेली बाळे चार ते सहा महिन्यांची झाल्यावर लसीच्या सुईला इतरांपेक्षा अधिक तीव्र प्रतिसाद देतात, आणि सुंतेच्या वेळी बधिर करणारे मलम लावले असेल तर हा परिणाम कमी होतो. वॉर्डात दीर्घकाळ राहिलेली तान्ही मुले ट्रेचा नुसता आवाज ऐकून अंग ताठ करतात, हे माझ्या सोबतिणींनी आणि मी कितीदा पाहिले आहे.

अशा व्यक्तींसाठी शरीराच्या जाणिवांवर आधारलेले उपचार उपयोगी ठरू शकतात. 1970 च्या दशकापासून अमेरिकेतील थेरपिस्ट पीटर लव्हिन यांनी विकसित केलेली ‘सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग’ ही त्यांतील एक प्रसिद्ध पद्धत. तिच्यात प्रसंगाची कहाणी सांगावीच लागत नाही. छातीत कुठे आवळते, जबडा कधी घट्ट होतो, पाय जमिनीला टेकल्याचे जाणवते का, याकडे थेरपिस्टच्या सोबतीने सावकाश लक्ष द्यायचे, त्रासदायक जाणिवेला अगदी थोडा वेळ स्पर्श करायचा आणि लगेच शरीरातील एखाद्या स्वस्थ जागेकडे परतायचे, असा हा क्रम असतो. घाई केली तर रुग्ण अधिक बिथरतो, म्हणून या कामात संथपणाला फार महत्त्व आहे.

पुरावा आश्वासक असला, तरी अजून मर्यादित आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, दीर्घकाळ उपचार घेऊनही बऱ्या न झालेल्या 64 स्त्रियांपैकी, शरीराच्या जाणिवांवर भर देणाऱ्या योगवर्गातल्या निम्म्याहून अधिक जणी दहा आठवड्यांनंतर आघातोत्तर ताणविकाराच्या निकषांत बसत नव्हत्या. तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते. इस्रायलमध्ये 63 जणांवर झालेल्या, 2017 च्या अभ्यासात सोमॅटिक एक्सपीरियन्सिंगचाही लाभ दिसला. मात्र हे अभ्यास लहान आहेत, आणि ते खास आठवण नसलेल्या रुग्णांवर झालेले नाहीत.

मला सर्वांत मोठी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘तुमच्या पाठीतला ताण सांगतो की लहानपणी तुमच्यावर अत्याचार झाला होता,’ असे ठामपणे सांगणाऱ्या कोणाहीपासून रुग्णाने दूर राहावे. शरीराची प्रतिक्रिया खरी असते, पण तिच्यावरून घटना ओळखता येत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात, लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची बनावट हकीकत सुमारे पाव सहभागींनी अंशतः किंवा पूर्णतः स्वतःची आठवण म्हणून स्वीकारली होती. सूचनेतून उभ्या राहिलेल्या अशा आठवणींनी 1980 आणि 1990 च्या दशकांत अमेरिकेतील कित्येक कुटुंबे मोडली. आठवण शोधण्याची गरज नसणे हेच या उपचारांचे बळ आहे. ते सोडून शरीराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे घातक आहे. त्याचप्रमाणे धडधड आणि थरथर यांमागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा हृदयाचा आजार नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. स्पर्शाचा वापर होणार असेल तर दर वेळी स्पष्ट संमती घेतली जावी आणि नाही म्हणण्याची मोकळीक असावी.

मुंबईत आज अशी थेरपी प्रामुख्याने खासगी दवाखान्यांत आणि बहुधा इंग्रजीतून मिळते, आणि तिची फी लालबाग किंवा गोवंडीतील कुटुंबाला परवडणारी नसते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. त्याला धरून केईएम, नायर आणि शीव येथील मनोविकार विभागांत, नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना या पद्धतींचे प्रशिक्षण देऊन, वरिष्ठांच्या देखरेखीखाली आठवड्यातून किमान एक मराठी-हिंदी ओपीडी सुरू करावी. आलेल्या रुग्णांच्या प्रगतीची नोंद ठेवून ती प्रसिद्ध व्हावी, म्हणजे पुराव्यातील उणीव भरून काढण्यास मुंबईचाही हातभार लागेल. केसपेपरवर ‘काय घडले’ हा रकाना कोरा राहिला, एवढ्या कारणाने कोणालाही परत पाठवू नये, अशी लेखी सूचना मात्र पालिकेला उद्याही काढता येईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
परळ, मुंबई