चष्म्याचा नंबर काढणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण दोन्ही डोळ्यांना मायनस आठ आणि ‘डोळ्यासमोर माशी फिरते, काचेवर चरा पडला असेल’ असं म्हणत आलेली बाई म्हटलं की ओळखाल.

मी आले होते चष्मा बदलायला. तुम्ही एकेक भिंग घालून ‘हे बरं की ते?’ विचारत होतात आणि मध्येच विचारलंत, ‘अंधारात काही चमकतं का?’ चमकत होतं, चार दिवस. दिवा मालवला की उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, वीज चमकावी तशी रेघ. घरी सांगितलं तेव्हा उत्तर तयार होतं: तुझी झोप पुरी होत नाही. मलाही ते पटलं, कारण दुखत तर काहीच नव्हतं.

तुम्ही भिंगांचा डबा बंद केलात. ‘चष्मा आज नाही. आधी डॉक्टर पडदा बघतील.’ रांग ओलांडून मला आत पाठवायची सोय केलीत. थेंब घालून बाहुली मोठी व्हायची वाट बघत बसले तेव्हा माझे हात थरथरत होते. तेव्हा तुम्ही केसपेपरच्या मागे डोळा काढलात. आभार मानायचे आहेत ते त्या चित्राचे.

शाळेत ही आकृती मीही काढली होती, नावं पाठ करून. पारपटल, बुबुळ, नेत्रभिंग, दृष्टिपटल म्हणजे हाच मागचा पडदा. पण भिंगामागची जी मोठी जागा आम्ही कोरी सोडायचो, ती रिकामी नसते हे तुमच्याकडून कळलं. तिथे अंड्यातल्या पांढऱ्यासारखा जेल असतो, जवळजवळ सगळं पाणीच. वय वाढलं की तो पातळ होतो, आक्रसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटायला लागतो. बहुतेकांचा अलगद सुटतो. एखाद्या ठिकाणी घट्ट चिकटलेला असला तर सुटताना पडदा ओढतो, कधी फाडतो. साधारण डोळा पुढून मागे 24 मिलिमीटर. जास्त मायनस नंबरवाल्यांचा त्याहून लांब, म्हणून आमचा पडदा ताणलेला, कडेला पातळ. माझी ‘माशी’ म्हणजे त्या जेलमधल्या गुठळीची पडद्यावर पडणारी सावली. ती डोळ्याच्या आतच होती. मी मात्र आठवडाभर काच पुसत बसले होते!

आणि ती वीज? तुम्ही म्हणालात, पडद्याला एकच भाषा येते, प्रकाशाची. त्याच्यावर उजेड पडू दे नाही तर त्याला कोणी ओढू दे, तो मेंदूला ‘उजेड’ एवढंच कळवतो. दुखल्याचं कळवणाऱ्या नसाच त्याला नाहीत. ‘पारपटलावर कुसळ गेलं तर माणूस धावत येतो,’ तुम्ही म्हणालात, ‘पडदा फाटला तर चष्मा बदलायला येतो.’ एवढ्या भीतीतही मला हसू आलं.

मग तुम्ही पेन्सिलीने वरच्या बाजूला, नाकाकडे, एक फुली मारलीत. ‘फाटलं असेल तर इथे.’ मी म्हटलं, अहो, चमकतं खाली, बाहेरच्या बाजूला! तेव्हा समजावलंत की पडद्यावर चित्र उलटं पडतं, वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने हे 1604 मध्येच लिहून ठेवलं होतं, हे मी नंतर वाचलं. जग सुलट दिसतं ते मेंदू तसं वाचतो म्हणून. त्यामुळे वरून ओढ बसली तर मेंदूला वीज खाली दिसणार. डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून पाहिलं. फाटलेला भाग बरोबर तिथेच होता, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. पडदा अजून सरकला नव्हता. त्या चिरेतून पाणी मागे शिरलं असतं तर सरकला असता.

लेझर त्याच दिवशी झाला. डोळा हलवायचा नाही म्हणजे नाही, आणि समोर हिरव्या प्रकाशाचे झोत. पण काय चाललंय ते मला ठाऊक होतं: फाटलेलं शिवत नाहीत, त्याच्या भोवतीने बारीक चटके देतात, तिथे व्रण धरतो आणि पडदा मागच्या थराला चिकटून बसतो. पक्का धरायला दहा-पंधरा दिवस. चित्र पाहिलं नसतं तर मी त्या खुर्चीत स्थिर बसले असते का, शंकाच आहे.

तुमचं काम नंबर काढायचं होतं. तेवढंच केलं असतंत तरी तुम्हाला कोणी बोल लावला नसता.

वीज आता चमकत नाही. माशी मात्र आहे. पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की हटकून येते, आणि तिच्याकडे नीट बघायला जावं तर नजरेबरोबर सरकते. तुमचा केसपेपर फाईलमध्ये ठेवलाय, चित्राची बाजू वर करून.

आणि हो, चष्मा अजून जुनाच आहे. त्या दिवशीचा नंबर अर्धाच राहिला. पुढच्या तपासणीला येते तेव्हा तेवढा पुरा करून द्या.

तुमची,
मायनस आठवाली