रॉड सॉन्डर्स यांना, सांगलीहून

सन्माननीय रॉडकाका,

सादर नमस्कार.

तुम्ही आता या जगात नाही, आणि असतात तरी हे मराठी पत्र कुणाकडून तरी समजून घ्यावं लागलं असतं. पण लेकीच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या आणि ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देणाऱ्या यंत्रासाठी, सर्जन, थेरपीच्या ताई, पैशांना हातभार लावणारे नातेवाईक, सगळ्यांचे आभार मानून झाले. तुमचेच राहिले होते.

१ ऑगस्ट १९७८ला मेलबर्नमध्ये कानाचे सर्जन डॉ. ग्रॅहम क्लार्क यांच्या गटाचं पहिलं बहु-इलेक्ट्रोड (संकेत देणारी अनेक विजेची टोकं असलेलं) इम्प्लांट तुमच्या कानात बसवलं. कानात आवाज टिपणाऱ्या हजारो केसपेशी असतात, त्यांचं काम मूठभर तारा काय करणार, असं तेव्हा भले भले शास्त्रज्ञ म्हणत होते. तुम्ही तरीही टेबलावर झोपलात. सुरुवातीच्या चाचण्यांत काही ऐकू आलं नाही. दोष तुमच्या कानात नव्हता, चाचणीच्या यंत्रात होता, हे मागाहून कळलं. मग तुमच्या तेव्हाच्या राष्ट्रगीताची, ‘गॉड सेव्ह द क्वीन’ची, धून लावली आणि तुम्ही ताडकन सावधान उभे राहिलात. आमच्या थिएटरात ‘जन गण मन’ला उठणाऱ्या कुणालाही ते लगेच समजेल!

मला मात्र कौतुक आहे त्यानंतरच्या कंटाळवाण्या कामाचं.

आमच्या मुलीला जन्मतःच ऐकू येत नव्हतं. मॅपिंगला, म्हणजे इम्प्लांटचे आवाज तिच्या कानाला जुळवून घ्यायला, गेलो की ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडम एकेक इलेक्ट्रोड चालू करायच्या आणि आवाज आला की तिनं डब्यात ठोकळा टाकायचा. याहून जास्त ती सांगणार तरी काय? आवाज बारीक आहे की घोगरा, ‘आ’सारखा की ‘ई’सारखा, हे सांगायला आधी कधीतरी ऐकलेलं असावं लागतं. तुम्ही ऐकलं होतं. अपघातात दोन्ही कान गेले, तरी माणसांचं बोलणं तुमच्या आठवणीत शाबूत होतं. प्रयोगशाळेत बसून तुम्ही ते आठवत राहिलात आणि जुळवून सांगत राहिलात. इलेक्ट्रोड बदलला की तुम्हाला वेगळा स्वर ऐकू आल्यासारखा वाटे. तुमच्या त्या सांगण्यावरूनच, बोलण्यातला नेमका कोणता भाग उचलून कोणत्या इलेक्ट्रोडला द्यायचा, याची पहिली पद्धत बसवली गेली. वर्षभराने दुसरे इम्प्लांटधारक जॉर्ज वॉटसन तुमच्या सोबतीला आले. त्यांनाही माझा नमस्कार.

अमेरिकेत या इम्प्लांटला प्रौढांसाठी १९८५मध्ये परवानगी मिळाली, दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी १९९०मध्ये. म्हणजे मोठ्यांनी आधी धोका पत्करला, मग पोरांची पाळी आली. हा क्रम मला फार सभ्य वाटतो.

लेक आता शाळेत जाते. कविता घडाघडा म्हणते, आणि अभ्यासाला बसवलं की प्रोसेसरची कॉइल (डोक्याला बाहेरून चिकटणारी, आवाज आत पोहोचवणारी चकती) काढून ठेवते, मग आम्ही ओरडून उपयोग नाही. या सोयीची कल्पना तुम्हालाही असणारच.

मध्यंतरी आम्हाला विचारलं होतं की तिच्या मॅपिंगच्या नोंदी, नाव गाळून, संशोधनासाठी वापरल्या तर चालेल का. एरवी सहीच्या कागदाला आमचे हे दहा प्रश्न विचारतात. यावेळी त्यांनी दोनच विचारले आणि सही केली. ती मोठी झाली की तिलाही विचारायचं, एवढं मात्र लिहून घेतलंय.

तुमची ऋणी,
एक आई