एकट्याने अल्बम करायला निघालेल्या मित्रास: टॉड रुंडग्रेनविषयी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. गाणी तुझी, वाद्यं तुझी, आवाज तुझा आणि मिक्सही तूच करणार, हे तुझं ठरलेलं वाचून फार आनंद झाला. या वाटेने कोण कोण गेलंय आणि कुणाकडून काय शिकावं, असं तू विचारलंस. नावं बरीच आहेत. पण माझ्या मते तू आधी टॉड रुंडग्रेन हा अमेरिकन रॉक संगीतकार नीट ऐकावास. स्वतःच्या अल्बमवर सगळं एकट्याने वाजवणारा आणि दुसऱ्यांच्या अल्बमचा नावाजलेला निर्माता (म्हणजे रेकॉर्डिंगची दिशा ठरवणारा प्रोड्यूसर), असा दोन्हीकडचा माणूस तो. एकट्याने काय साधतं आणि कुठे अडतं, दोन्ही त्याच्या कामात स्पष्ट ऐकू येतं.

जन्म 1948 चा, वाढला फिलाडेल्फियाला लागून असलेल्या अपर डार्बीत. 1967 साली त्याने नॅझ नावाचा बँड काढला, दोन वर्षांत सोडलाही. त्यानंतर बॉब डिलनचे मॅनेजर राहिलेले अल्बर्ट ग्रॉसमन यांनी त्याला बेअर्सव्हिल या आपल्या कंपनीत घेतलं, ते मुख्यतः ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी. ‘द बँड’ याच नावाच्या बँडच्या 1970 च्या ‘स्टेज फ्राइट’ या अल्बमचा तो रेकॉर्डिंग इंजिनिअर होता. बाविशी गाठेपर्यंत मायक्रोफोन कुठे ठेवायचा, टेपवर किती पातळीने आवाज घ्यायचा, हे त्याच्या हातात बसलं होतं. वाद्यं वाजवणारे पुष्कळ असतात. वाजवता वाजवता आपला आवाज स्टुडिओच्या काचेपलीकडे मुद्रण करणाऱ्या माणसाच्या कानाने ऐकणारे थोडे. तुझी तयारीही आधी याच बाजूने व्हायला हवी.

आता मुख्य अल्बम: ‘समथिंग/एनिथिंग?’, फेब्रुवारी 1972. दोन तबकड्या, चार बाजू, 25 गाणी. पहिल्या तीन बाजूंवर ड्रम्स, बास, गिटार, पियानो आणि सगळे आवाज एकट्या रुंडग्रेनचे. बरंचसं काम लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत झालं, काही त्याने आठ ट्रॅकचं मशीन भाड्याने आणून राहत्या घरी केलं.

त्याचा क्रम बघ. तो ड्रम्स सगळ्यांत आधी वाजवायचा. सोबत गिटार नाही, पियानो नाही, क्लिक म्हणजे लय धरून देणारी टिकटिकही नाही. गाणं मनातल्या मनात म्हणत पहिल्यापासून शेवटपर्यंत ड्रम्स वाजवून टाकायचे. मधे कुठे घोटाळा झाला तर पुष्कळदा तो टेक (एका दमात वाजवलेलं मुद्रण) फेकून न देता गाण्याची रचनाच त्या ठेक्याला जुळवून घ्यायची. उलट क्रम अवघड का जातो? आधी पियानो घेतलास तर त्याची लय मुखड्याला थोडी धावते, अंतऱ्याला थोडी रेंगाळते. नंतर ड्रम्स वाजवताना तू त्या चढउताराचा पाठलाग करत बसतोस आणि प्रत्येक ठोका केसभर उशिरा पडतो. ड्रम्स आधी असले की लय हलली तरी सगळी वाद्यं तिच्याबरोबर हलतात, आणि ऐकणाऱ्याला तो गाण्याचा श्वास वाटतो.

करून बघताना एवढं सांभाळ. गाण्याचा आराखडा कागदावर मात्रांसकट लिही: मुखडा किती आवर्तनं, अंतरा किती, मधली सुरावट किती. तो कागद ड्रम्ससमोर लाव. शब्द ओठांनी म्हण, आवाज न काढता, नाहीतर ड्रम्सच्या वर टांगलेल्या माइकमध्ये तुझं गुणगुणणं येईल आणि पुढे ते काढता येत नाही. सर्वांत जास्त चुकते ती भरणीची, म्हणजे दोन ओळींमधल्या ड्रम्सच्या तुकड्याची, जागा. ओळ संपायच्या आतच हात टॉमवर (घुमणाऱ्या ड्रमवर) जातो आणि नंतर गाताना शेवटचा शब्द त्या गडगडाटाखाली सापडतो. म्हणून मनातल्या गाण्यात श्वास घेण्याची जागासुद्धा मोजून ठेव. ड्रम्स झाले की लगेच, त्याच बैठकीत, बास घे. कोणता ठोका मुद्दाम मागे ठेवलाय हे तेव्हा तुझ्या अंगात ताजं असतं, दुसऱ्या दिवशी ते जातं. कच्चा गायलेला आवाज त्यानंतर, आणि गिटार-पियानो त्याच्याभोवती.

आवाजांचे थर हे त्याचं खरं वैभव. ‘आय सॉ द लाइट’मधले मागचे आवाज हेडफोनवर ऐक. सगळे एकाच गळ्याचे असल्याने स्वरांचा रंग जुळतो, पण धोकाही तिथेच आहे. सहा वेळा तोच माणूस ‘स’ किंवा ‘त’ म्हणतो तेव्हा सहाही व्यंजनं एका क्षणी पडत नाहीत आणि शब्दाच्या टोकाला खरखर जमते. उपाय सोपा आहे: व्यंजन स्पष्ट म्हणायचं ते मुख्य आवाजानेच, मागच्या थरांनी ते गिळून फक्त स्वर लांबवायचा. प्रत्येक ओळ दोनदा घे, एक डावीकडे, एक उजवीकडे ठेव, आणि एखादा थर माइकपासून चांगला हातभर मागे उभं राहून गा. तसं केलं नाहीस तर सगळे थर एकाच अंतरावरून येतात आणि आवाज सपाट पडतो.

याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला रुंडग्रेन स्वतः बोलतो. स्टुडिओतले दोष ओळखण्याचा खेळ तो श्रोत्यांना शिकवतो आणि हेडफोन लावायला सांगतो. टेपची सळसळ, विजेची गुणगुण, माइकवर आदळणारा ‘प’, वाईट जोडलेली टेप असे दोष तो एकेक करून ऐकवतो. कोणत्याही रेकॉर्डवर हा खेळ खेळता येतो, अगदी याही, असं तो सांगतो. तुझ्यासाठी हा मिनिटभराचा उत्तम धडा आहे. मराठीत गाताना ‘प’पेक्षा ‘फ’ आणि ‘भ’ जास्त त्रास देतात, कारण श्वासाचा झोत मोठा. माइक तोंडासमोर न ठेवता तोंडाच्या कडेला, वीतभर अंतरावर, किंचित तिरका लाव, म्हणजे झोत बाजूने निघून जातो. नंतर इक्वलायझरने खालचे स्वर कापून ‘भ’ सुधारायला गेलास तर आवाजाचा भरदारपणाही कापला जातो.

आणि चौथी बाजू. इथे त्याने एकट्याचा हट्ट सोडला. वादक आणि गायक एका खोलीत जमवले आणि गाणी एकत्र वाजवून मुद्रित केली. ‘हॅलो इट्स मी’ त्याचं नॅझच्या काळातलं गाणं, तेव्हा संथ चालीत केलेलं. इथे त्याची लय वाढली, रँडी आणि मायकेल ब्रेकर या भावांचे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आले, आणि 1973 च्या अखेरीस ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं ते, आणि ते एकट्याने केलेलं नाही. हे तुला मुद्दाम सांगतोय. तुझ्या दहा गाण्यांतली दोन-तीन अशी असतील की ज्यांत एकाने दुसऱ्याकडे बघून वाजवण्याची गरज आहे. ती आधीच वेगळी काढ आणि त्यांच्यासाठी माणसं बोलाव.

नंतरची वर्षं भराभर सांगतो. 1973 चा ‘अ विझर्ड, अ ट्रू स्टार’ तुकड्या-तुकड्यांचा, एका गाण्यातून दुसऱ्यात घसरत जाणारा. ‘हॅलो इट्स मी’सारखी गाणी मागणाऱ्यांना तो रुचला नाही. मला विचारशील तर त्याचं सर्वांत धाडसी काम तेच. पुढे युटोपिया हा बँड. 1975 च्या ‘इनिशिएशन’चा एक प्रकार मात्र लक्षात ठेव. एका तबकडीच्या दोन बाजूंवर त्याने तासाहून अधिक संगीत कोंबलं. साधारणपणे एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं बरी बसतात. त्यापुढे खाचा एकमेकींना खेटतात, म्हणून आवाजाची पातळी उतरवावी लागते, खर्ज कमी करावा लागतो, आणि तबकडीची खरखर वर येते. त्याने वेष्टनावरच सूचना छापली: सुई झिजलेली असेल तर तबकडी खराब होईल, आणि आवाज कमी वाटला तर टेपवर उतरवून घ्या. त्याच्या दुसऱ्या बाजूवरच्या लांबलचक वाद्यरचनेत मूलाधार, मणिपूर, अनाहत अशी चक्रांची नावं उपशीर्षकं म्हणून आली आहेत, हे बघून तुला गंमत वाटेल. तू तबकडी काढायचं म्हणत होतास म्हणून हे लिहिलं. बाजू वीस मिनिटांच्या आत ठेव आणि खर्ज भरपूर असलेली गाणी बाजूच्या सुरुवातीला घे. मध्याकडे जाता जाता खाचेचा वेग घटतो आणि ‘स’, ‘श’ फाटायला लागतात.

1978 चा ‘हर्मिट ऑफ मिंक हॉलो’ पुन्हा सगळा एकट्याचा, आणि 1985 चा ‘अ कापेला’ तर फक्त गळ्याचा. ड्रम्ससुद्धा तोंडाने काढलेले आवाज सॅम्पलरमध्ये (मुद्रित आवाज कीबोर्डवर वाजवू देणाऱ्या यंत्रात) घेऊन वाजवलेले. तू हे करायचं ठरवलंस तर एक अडचण येईल. एका सुरात घेतलेला ‘आ’ कीबोर्डवर चार-पाच सूर वर नेलास की तोंडाचा आकारच लहान झाल्यासारखा आवाज येतो, कार्टूनमधल्यासारखा. दर दोन-तीन सुरांना नवा नमुना घे, तेवढा कंटाळा करू नकोस.

आता निर्माता रुंडग्रेन. 1971 मध्ये बॅडफिंगर या बँडचा ‘स्ट्रेट अप’ बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन करत होता. पंडित रविशंकरांच्या विनंतीवरून बांगलादेशासाठीची मैफल उभी करायला तो निघून गेला आणि उरलेलं काम रुंडग्रेनने हाती घेऊन झटपट पुरं केलं. ग्रँड फंक, न्यूयॉर्क डॉल्स, पॅटी स्मिथ ही पुढची नावं. 1977 चा मीट लोफ या गायकाचा ‘बॅट आउट ऑफ हेल’ कोट्यवधींनी खपला. त्यातला मोटरसायकलचा आवाज कुठून मुद्रित करून आणलेला नाही, रुंडग्रेनने तो गिटारवर काढला.

पण तू बारकाईने अभ्यासावं असं काम म्हणजे एक्सटीसी या इंग्लिश बँडचा 1986 चा ‘स्कायलार्किंग’. बँडकडून कच्ची मुद्रणं आली तेव्हा रुंडग्रेनने आधी गाणी निवडली आणि त्यांचा क्रम लावला, मग रेकॉर्डिंग सुरू केलं. त्यामुळे एक गाणं कोणत्या सुरावर संपून पुढचं कसं उचलायचं हे वाजवतानाच ठाऊक होतं आणि जोड बेमालूम बसले. बँडच्या अँडी पार्ट्रिजशी त्याचे खटके उडाले, ते दोघांनीही उघड सांगितलंय. तरी अल्बम अप्रतिम आहे.

त्यात एक तांत्रिक चूक मात्र वर्षानुवर्षं राहून गेली. मूळ मास्टरमध्ये, म्हणजे ज्यावरून सगळ्या प्रती निघतात त्या मुद्रणात, ध्वनीची ध्रुवता उलटी होती. स्पीकरचा पडदा जिथे बाहेर यायला हवा तिथे आत जात होता, आणि अल्बम पातळ वाटत होता. मास्टरिंग इंजिनिअर जॉन डेंट यांनी हे हेरलं आणि 2010 च्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. माइकच्या केबलमध्ये दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना उलट जोडल्या तरी नेमकं हेच होतं. तुझ्याकडे याची जास्त शक्यता स्नेअरवर (तडतडणाऱ्या ड्रमवर) आहे, कारण वरचा माइक आणि खालचा माइक एकाच ठोक्याची हालचाल विरुद्ध बाजूंनी ऐकतात. मिक्स मोनो कर, म्हणजे डावं-उजवं एकत्र कर, खालच्या माइकची ध्रुवता उलटव, आणि ज्या स्थितीत स्नेअरचं पोट भरतं ती कायम ठेव. हेच किक (पायाने वाजवायचा ड्रम) आणि ड्रम्सच्या वर टांगलेल्या माइकमध्ये तपास. हे बास घेण्याआधी व्हायला हवं, कारण पोकळ ड्रम्सवर बास घेतलास तर ती पोकळी भरायला तू बास नकळत जड वाजवतोस.

ऐकण्याचा क्रम असा ठेव: ‘समथिंग/एनिथिंग?’ पूर्ण, मग ‘हर्मिट’, मग ‘स्कायलार्किंग’च्या जुन्या आणि दुरुस्त अशा दोन्ही आवृत्त्या लागोपाठ. ‘विझर्ड’ त्यानंतर. दुसऱ्याच्या अल्बमवर तो किती आवरतं घेतो आणि स्वतःच्या अल्बमवर किती मोकळा सुटतो, हे असं शेजारी-शेजारी ऐकल्यावरच कळतं.

एका गाण्याचे नुसते ड्रम्स आणि बास झाले की पाठव. प्रत्येक माइकची फाइल वेगळी, 24 बिट वेव्ह, वर कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारं साधन) किंवा इक्वलायझर काही लावू नकोस. आणि सोबत तो मात्रांचा कागदही फोटो काढून पाठव. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत