बाबांच्या तळ्याबद्दल

पुणे

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परसात गोल्डफिशसाठी तळं करायचंच, असं बाबा फोनवर म्हणाले तेव्हापासून माझ्याही डोक्यात तेच आहे. करा. थंडी पडली आहे, खणायला हीच वेळ चांगली.

बाबा, सिमेंटचं टाकं मात्र नको. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टाक्याला तडे जातात. शिवाय नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, तो माशांना सोसत नाही. शेततळ्याला अंथरतात तो 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आणा, त्याच्याखाली मुरूम आणि बारीक वाळू. सहा बाय चार फूट, पाणी अडीच फूट, म्हणजे साधारण 1,700 लिटर. चार-पाच माशांना पुरे. कठडा दीड फूट उंच आणि बसता येईल एवढा रुंद बांधा. तुमच्या गुडघ्यांना वाकणं नको, आणि जुलैत अंगणातलं गढूळ पाणीही आत शिरणार नाही. संत्र्याच्या झाडाखाली करू नका, पाला पडून कुजतो. पूर्वेच्या भिंतीलगत केलंत तर दुपारनंतर घराचीच सावली मिळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तळं भरलं की लगेच सगळे मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो त्यांना विषासारखा. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही घातकच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निर्धोक. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि तिथे रुळायला त्यांना चार-सहा आठवडे, थंडीत थोडे जास्तच, लागतात. तोवर दोनच मासे ठेवा, खाद्य चिमूटभर. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतील. तळ्याच्याच पाण्यात पिळून घ्या. भर घालायचं पाणीही आधी ड्रममध्ये दिवसभर उघडं ठेवा.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर तेच कारण समजा. कूलरला असतो तसला छोटा पंप रात्रभर चालू ठेवा, पाणी उंचावरून पडू द्या. पण प्लगच्या आधी आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या, आणि तरीही ओल्या हाताने पंपाजवळ जाऊ नका. वर हिरवी जाळी बांधा. उन्हालाही होईल, खंड्या आणि मांजरांनाही. मेअखेरच्या नवतपात रोज बादलीभर पाणी उडून जाईल, ते संध्याकाळीच घाला. बाबा, माशांसाठी भर दुपारी बाहेर पडलात असं आईकडून कळलं तर मला इथे चैन पडणार नाही.

आई, तुला डासांची धास्ती आहे ना? गोल्डफिश डासांच्या अळ्या खातात. डेंग्यूचे डास व्हायचे ते कूलरच्या टाकीत आणि कुंड्यांखालच्या बशांत होतील. त्या आठवड्याला कोरड्या करत जा. आणि मासे वाढले, जड झाले, तरी कुणाला फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू देऊ नकोस. हे मूळचे चीनकडचे मासे, तळ ढवळून पाणी गढूळ करतात, आपल्याकडच्या माशांना त्रास. हौस असलेल्या कुणाला तरी द्या.

चांगल्या पाण्यात गोल्डफिश 10-15 वर्षं सहज जगतो. ती सगळी वर्षं तुम्ही दोघं त्या कठड्यावर बसणार, हे मी धरूनच चालले आहे.

धडधाकट मासे आठ-दहा दिवस खाद्यावाचून राहतात, पंप तेवढा चालू हवा. तो शेजारच्यांना बघायला सांगा. तेव्हा संक्रांतीला माशांचं कारण पुढे करू नका. दोघांची तिकिटं मी काढते, तारीख तेवढी कळवा.

तुमची,
ताई