शिडाच्या होडीत आम्हालाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला २९ पदके मिळाली, तेव्हापासून आपल्या क्रीडा पानावर पॅरा खेळाडूंना चांगली जागा मिळू लागली आहे. आटपाडीच्या सचिन खिलारीच्या गोळाफेकीतील रौप्यपदकाचे कात्रण माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहे. माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. अपघातानंतर गोळाफेक मीही केली, पाच वर्षे, राज्य पातळीपर्यंत. पण हे पत्र अशा खेळाबद्दल आहे, जो त्या पानावर येत नाही आणि येण्याची सोयही उरलेली नाही. तो म्हणजे शिडाच्या होड्यांची शर्यत.

हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये होता. १९९६ मध्ये अटलांटाला प्रात्यक्षिक म्हणून आला, २००० मध्ये सिडनीला पदकांसह पक्का झाला आणि २०१६ मध्ये रिओला शेवटचा खेळला गेला. जानेवारी २०१५ मध्येच आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने टोकियोच्या यादीतून तो वगळला होता. पॅरिसला तो नव्हता, २०२८ च्या लॉस एंजेलिसला परत घ्यावा म्हणून केलेला अर्जही मान्य झाला नाही. वगळण्याचे कारण काय, तर हा खेळ जगातल्या पुरेशा देशांत खेळला जात नाही. हे कारण वाचल्यावर मला वाईट वाटले ते आपल्याबद्दल. धोका आहे किंवा हातपाय नसलेल्यांना हे जमत नाही, असे कोणी म्हटले नव्हते. देश कमी पडले. आणि त्या कमी पडलेल्या देशांत आपण आहोत. एवढा किनारा असून या शर्यतीत भारताची होडी एकदाही उतरली नाही.

ज्यांनी हा खेळ खेळला त्यांच्याकडे पाहा. स्टीव्ह थॉमस हा वेल्सचा रग्बी खेळणारा मुलगा. अठराव्या वर्षी मेनिंजायटिस झाला आणि दोन्ही पाय कापावे लागले. २००६ मध्ये तुरिनच्या हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये तो ब्रिटनकडून बर्फावर, घसरगाडीत बसून हॉकी खेळला. दोन वर्षांनी बीजिंगला तोच गडी शिडाच्या होडीवर होता, पुढे लंडनलाही. त्याच्या सोबत सुकाणूवर जॉन रॉबर्टसन, मोटारसायकलच्या अपघातात कमरेखालची ताकद गेलेला, आणि जन्मतः उजवा हात कोपराखाली नसलेली हॅना स्टोडेल. सोनार नावाच्या त्या होडीवर तिघे बसतात. प्रत्येकाला अपंगत्वानुसार १ ते ७ गुण असतात, जितके अपंगत्व जास्त तितके गुण कमी. आणि तिघांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे कमी अपंगत्वाचे तिघे निवडून संघ बांधताच येत नाही. ज्याला जास्त अडचण आहे अशा एकाशिवाय होडी सुटत नाही. गोळाफेकीच्या वर्तुळात मी नेहमी एकटा होतो, म्हणून असेल, पण खेळाचा इतका माणुसकीचा नियम मला दुसरा माहीत नाही.

एकट्याने चालवायची होडी वेगळी. ती जेमतेम चार मीटरची, तिला २.४ म्हणतात; ते तिच्या वर्गाचे नाव, लांबी नव्हे. तिच्या तळाला शिशाचा जड कणा असतो, त्यामुळे ती सहसा उलटत नाही. खलाशी आत, पुढे तोंड करून बसतो आणि सगळे दोर त्याच्या हाताशी येतात. साध्या छोट्या होडीत वारा वाढला की पायपट्ट्यात पाय अडकवून अंग बाहेर झोकावे लागते. इथे जागचे हलायचेही काम नाही. म्हणून या होड्यांच्या शर्यतीत धडधाकट आणि अपंग एकाच रेषेवरून सुटतात. डावा हात कोपराखाली नसलेल्या जर्मनीच्या हायको क्रोगरने सिडनीत याच होडीवर सुवर्ण जिंकले, अंगठे नसलेल्या हेलेना लुकासने लंडनला.

आणि डेमियन सेगँ. या फ्रेंच माणसाला जन्मतः डावा पंजा नाही. अथेन्स आणि रिओ, दोन्हीकडे त्याने सुवर्ण जिंकले. तरी त्याच्या सुरुवातीच्या काळात एका मोठ्या शर्यतीच्या आयोजकांनी त्याला अपंग म्हणून दारातूनच परत पाठवले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये तो व्हांदे ग्लोबला निघाला. एकट्याने, न थांबता, कोणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. ३३ होड्यांत तो सातवा आला. त्याच्यासाठी मुद्दाम केलेला बदल सांगण्यासारखा आहे: दोर ओढायच्या चक्राच्या मुठीवर एक शंकूसारखी वाटी बसवली, तीत तो आपला डावा हात खुपसून चक्र फिरवायचा. एक वाटी. बाकी समुद्र सगळ्यांना होता तोच.

आता माझे. माझा बाप मासेमारी करायचा. आमच्या किनाऱ्यावर इंजिने आली तरी त्याने एक लहान शिडाची होडी ठेवली होती. पाय गेल्यावर वर्षभर मी पाण्याकडे फिरकलो नाही. एका सकाळी मतलई वारा सुटलेला असताना बापाने मला उठवून किनाऱ्यावर नेले. वाळूत बसून मी कृत्रिम पाय काढला, त्यातला मोजा काढून खिशात ठेवला, पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुतण्याच्या हातात दिला. खाऱ्या पाण्याने सॉकेटमधल्या खिळीला गंज चढतो, आणि वाळूचा एक कण आत राहिला तर संध्याकाळपर्यंत कातडी सोलवटते, म्हणून ही काळजी. कमरेइतक्या पाण्यात दोन्ही हातांनी काठ धरून अंग वर घेतले तेव्हा बाप एवढेच म्हणाला, "बस हिथं, नाळीवर नको." नाळ म्हणजे होडीचे पुढचे टोक. आणि सुकाणू माझ्या हातात दिले. शीड भरले, होडी कलली, आणि वर्षभरात पहिल्यांदा मला कोणाचाही आधार न घेता, कुबडी न टेकता, वेगाने पुढे जाता आले. त्या दिवशी परत येताना मला रडू आवरले नाही. हे लिहिताना संकोच वाटत नाही.

शर्यतीचे शास्त्र शिकावे म्हणून पुढे मी मुंबईतल्या एका संस्थेत गेलो. अर्जात "शारीरिकदृष्ट्या पूर्ण तंदुरुस्त" अशी अट होती. मी डॉक्टरांचा दाखला नेला, पोहण्याची परीक्षा द्यायला तयार होतो. माझी पॅन्ट कुठे दुमडली आहे तेवढे पाहून मला सांगण्यात आले की विम्यात बसत नाही. मी खाडीत पोहत लहानाचा मोठा झालो आहे, हे कोणी विचारले नाही.

पोहण्यावरून आठवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये पोहण्यातच भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्ण मिळवून दिले. ते आपल्या सांगली जिल्ह्यातले. पाण्यात पहिले नाव आपले आहे. दिलीप दोंदे 'म्हादेई' नावाच्या ज्या शिडाच्या होडीवरून एकटे जगप्रदक्षिणा करून आले तीही इथेच, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. होडी बांधणारे हात आपल्याकडे आहेत, वारा आहे, आणि हातपाय गमावलेली तरुण मुले तर रस्त्यांवरचे अपघात रोज नवी देत आहेत.

माझी मागणी मोठी नाही. शासनाच्या क्रीडा खात्याने आणि सागरी मंडळाने मिळून किनाऱ्यावर निदान एका ठिकाणी जड कण्याच्या चार होड्या ठेवाव्यात. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का असावा, म्हणजे व्हीलचेअर थेट होडीच्या काठापर्यंत जाईल. आणि प्रवेश अर्जातली तंदुरुस्तीची अट काढून तिथे पोहण्याची परीक्षा ठेवावी, सर्वांना सारखी. २०१५ मध्ये देश कमी पडले. पुढच्या वेळी मोजतील तेव्हा एक देश आपला असावा.

तोवर बापाची ती होडी माझ्याकडे आहे, शीड नवे शिवून घेतले आहे. पावसाळा सोडून दर रविवारी, भरती पाहून, मी ती पाण्यात घालतो. हात किंवा पाय नसलेल्या कोणालाही शिकायचे असेल तर मी शिकवीन, पैसे नकोत. पोहता यायला हवे. येत नसेल तर आधी खाडीत पोहायला शिकवीन.

आपला,
एक वाचक, जि. रायगड