सही-शिक्क्याचा हट्ट कशासाठी?

सरकारी कार्यालयांतील जुनाट यंत्रसामग्रीविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातला रोख जुन्या संगणकांवर आणि प्रिंटरवर आहे. तो योग्यच, पण सामान्य माणूस अडतो तो रबरी शिक्क्यापाशी.

गेल्या महिन्यात माझे काका मंगळवेढ्याहून एसटीने सोलापूरला एका कामासाठी आले. सोबत १५ रुपये भरून काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा होता. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तो उलटसुलट पाहिला आणि ‘तलाठ्याचा सही-शिक्का घेऊन या’ म्हणत परत केला. सही-शिक्क्याची आवश्यकता नाही, असे त्याच कागदावर छापलेले होते. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवून दाखवले, तरी उपयोग झाला नाही. ऐन ज्वारीच्या काढणीत त्यांचा एक दिवस मोडला, मजुरांचा खोळंबा झाला तो वेगळाच.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. त्याच्या कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला हाताच्या सहीइतकीच मान्यता दिली आहे. उताऱ्यावरचा १६ अंकी क्रमांक महाभूमी या सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर टाकला की उतारा खरा की बनावट हे लगेच कळते. रबरी शिक्क्यावरून ते कसे कळणार?

जिल्हा प्रशासनाने ‘डिजिटल स्वाक्षरीचा उतारा येथे स्वीकारला जातो’ अशी पाटी प्रत्येक खिडकीवर लावावी आणि पडताळणी कार्यालयानेच करावी. त्यासाठी नव्या संगणकाची वाट पाहायला नको, साधा मोबाइलही पुरतो.

– एक वाचक, जुळे सोलापूर